शंभराव्या किलोमीटरचे मेजर

सातारा स्टँडवरून सकाळी सांगलीला सुटणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला एक प्रवासी चांगला ओळखीचा होता. उंच, काटकुळा, पांढऱ्या मिशा, खाकी हाफ शर्ट, आणि काखेत जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं हातभर लांबीचं काहीतरी. पहिल्या वेळी कंडक्टरनं जरा लांबूनच विचारलं होतं, "आजोबा, ह्यात काय हाय?" त्यावर प्रवाशानं टॉवेल उलगडून आतला टॉर्क पाना दाखवला. नट किती आवळायचा हे या पान्याला आधी सांगून ठेवायचं आणि तेवढा आवळला गेला की तो 'टक्' करून आपल्याला थांबवतो, हे सगळं त्यानं उंब्रज येईपर्यंत समजावून सांगितलं. कंडक्टरची निम्मी तिकिटं तशीच राहिली. तेव्हापासून कंडक्टर एवढंच विचारायचा, "काय मेजर, आज कुणाचं चाक?"

ते मेजर नव्हते. फौजेच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करता करता हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण सातारा जिल्ह्यात फौजेतून परतलेल्या कुणालाही गाव मेजर करून टाकतं, त्यापुढं सरकारचं काही चालत नाही. तर हे मेजर मेढ्याच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये लेथ चालवायचे. शेडवर बोर्ड होता, 'लेथ व सर्व प्रकारची चाककामे', आणि त्याखाली खडूनं लिहिलेलं, 'शंभर कि.मी. नंतर घरी येऊन आवळून मिळेल.' हे खडूतलं वाक्य पावसाळ्यात पुसलं जायचं आणि मेजर ते पुन्हा लिहायचे. मी त्यांना एकदा म्हटलं, "रंगानं लिहून टाका की कायमचं." तर म्हणाले, "कायमचं लिवलं की मानूस वाचायचं सोडतोय."

मी तेव्हा शिरवळच्या एका कारखान्यात इंजिनियर होतो. राहायला साताऱ्यात खोली होती, आणि शनिवारी सांगलीला घरी जायचो. तरुण होतो, एकटा होतो, आणि डोकं जागेवर नव्हतं, म्हणून पुण्याहून एक थर्ड हँड स्पोर्ट्स कार घेऊन आलो. दोन दारं, दोन सीट, आणि रंग असा पिवळा की शेजारी म्हणाले, हळदीच्या पेवातून काढली काय! आईनं गाडीभोवती एक चक्कर मारली, आत डोकावली आणि विचारलं, "मागची शीट कुठाय?" मी म्हटलं, "नसते." आई म्हणाली, "म्हणजे तू आणि तुझी बायको बसणार. मी काय डिकीत बसू?" वडील काहीच बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत की मामला गंभीर आहे असं आमच्याकडे समजतात.

पण माझं दुःख निराळंच होतं. गाडी उभी असताना चांगली दिसत नव्हती. चाकं आत गेलेली, वरचं अंग बाहेर आलेलं. इंटरनेटवरच्या व्हिडिओत हीच गाडी कशी रुबाबात, चार पाय रोवून उभी असायची, आणि माझी मात्र उधार मागायला आल्यासारखी. त्याला इलाज म्हणजे स्पेसर, हेही व्हिडिओतच कळलं. स्पेसर म्हणजे चाकाच्या आणि ते ज्यावर बसतं त्या हबच्या मध्ये बसवायची जाड चकती. चकती जेवढी जाड तेवढं चाक बाहेर येतं, आणि गाडी रुंद, बसकी, दांडगी दिसते. कुणीतरी मेढ्याच्या रस्त्यावरच्या मेजरांचं नाव सांगितलं आणि मी गेलो.

गेल्या गेल्या तोंड उघडलं, "मला पंचवीस मिलीमीटरचे स्पेसर..."

"थांब. आदी बगू दे," मेजर म्हणाले.

त्यांनी ऑइलचा एक रिकामा डबा उचलला, गाडीपासून वीसेक पावलांवर पालथा घातला, त्यावर बसले, आणि बघायला लागले. चहा आला, तो पिता पिता बघितलं. डबा उचलून मागच्या बाजूला नेला, तिकडून बघितलं. अर्धा तास झाला. मुलगी बघायला आलेली माणसंसुद्धा एवढा वेळ बघत नाहीत. शेवटी म्हणाले, "ही गाडी लाजतीया, गड्या."

"म्हणजे?"

"चाकं पोटात घेतल्यात तिनं. थंडीत मानूस हात बगलंत घालून हुबा ऱ्हातोय, तशी हुबी हाय." मग मला म्हणाले, "तू हिकडं ये. गाडीच्या शेजारी हुबा ऱ्हा. पाय जुळव." मी पाय जुळवले. त्यांनी एका बोटानं माझ्या खांद्याला ढकललं, मी तीन पावलं बाजूला गेलो. "आता पाय जरा फाकव. खांद्याच्या बरूबर." पुन्हा ढकललं, मी हललो नाही. "आता लय फाकव. अजून. अजून." पाय इतके फाकवले की पँटचा काहीतरी आवाज आला. "आता चाल बरं." चालता येईना. मेजर म्हणाले, "हे तुजं पंचवीस मिलीमीटर."

मग मडगार्डच्या कडेला त्यांनी ओळंबा लावला. दोरीला एक जड नट बांधलेला, एवढाच. चाक त्या दोरीच्या आत नखभर राहिलं पाहिजे, बाहेर एक केसभर नाही, हा त्यांचा कायदा. पुढे बारा मिलीमीटर, मागे पंधरा. मी व्हिडिओतल्या माणसाचा दाखला दिला तर म्हणाले, "त्या बाबाला आमच्या गतिरोधकांची म्हाईती हाय का?" अशी किती पोरं त्यांनी परत घालवली असतील! चाकं बाहेर काढून द्या म्हणायची, आणि मेजर म्हणायचे, "बाहेर काढायची आसतील तर बैलगाडी घे."

चकत्या त्यांनी स्वतः लेथवर काढल्या, ॲल्युमिनियमच्या. जुने स्टड, म्हणजे नट ज्यांवर फिरतात ते आट्यांचे दांडे, आखूड पडतात म्हणून लांब स्टड घातले. नट हातानं लावताना तो किती वेढे फिरतो ते मोठ्यानं मोजायचे, परेडवर मोजतात तसं, "येक! दोन! तीन!" आठ वेढ्यांच्या आत नट थांबला तर स्टड उपटून टाकायचा. मग पाना, एकाआड एक नट, 'टक्', 'टक्'. गाडी जॅकवरून खाली आली आणि मी वीस पावलं मागं जाऊन बघितलं. बारा आणि पंधरा मिलीमीटर म्हणजे काय, आपल्या बोटाची जाडी. पण गाडी पार बदलून गेली होती. मान ताठ, पाय रोवलेले, कुणाच्या बापाला न भिणारी. मला भरूनच आलं. मेजर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पळताना गाडी कुणाला दिसती? झर्रदिशी जाती. लोकं बगत्यात ती हुबीच. मग नीट हुबी नगं?"

आणि त्यांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली.

लालभडक नेलपॉलिश. आवळलेल्या प्रत्येक नटावरून खाली चाकापर्यंत ते एक बारीक रेघ ओढायचे. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच दिसतं. ऑइलपेंट उन्हानं फिका पडतो, नेलपॉलिश टिकतं, असा त्यांचा अनुभव. त्यासाठी हा मिशीवाला माणूस दर महिन्याला बायकांच्या दुकानात जाऊन, चार पोरींच्या मध्ये उभा राहून, आपल्या अंगठ्यावर रंग लावून बघायचा. त्यांच्या बायकोचा, काकूंचा, याच्यावर कायमचा राग. शेडच्या मागेच घर होतं, तिथून त्या मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "तीस वर्सं संसार केला, माज्यासाटी येक बाटली आणली न्हाई. नटांना मातर म्हयन्याला नवी."

रेघा ओढून झाल्या की मेजर विचारत, "जानार कुटं?" सांगली म्हटल्यावर ते हिशेब करत, शंभर किलोमीटर कुठे भरतात, कधी भरतात, आणि पत्ता विचारून घेत. मी म्हटलं, "मेजर, मी इंजिनियर आहे. शंभर किलोमीटर झाले की मी स्वतः आवळीन." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प पत्ता सांगितला.

"पयल्यांदा आवळल्यालं खरं नसतंय, गड्या," ते म्हणाले. "माल बसाय लागतोय. जरा पळू दे, तापू दे, गार हू दे. मग आवळल्यालं खरं."

हे वाक्य ते नुसतं नटांना लावत नसत, अख्ख्या जगाला लावत. शेजाऱ्यानं नवं दार बसवलं की दोन महिन्यांनी हे जाऊन बिजागरी हलवून बघणार. नव्या डॉक्टरनं चष्मा दिला की महिन्यानं परत जाऊन डॉक्टरांनाच विचारणार, "तुमाला बरा दिसतोय का?" कुणाकडे मयत झालं तर पहिल्या दिवशी गर्दीत ते मागे उभे असायचे, बोलायचे नाहीत. पण तीन महिन्यांनी, जेव्हा पाहुणेरावळे सगळे आपापल्या घरी गेलेले असतात, तेव्हा एखाद्या दुपारी जाऊन त्या घरात तासभर बसायचे. "पयल्या दिवशी समदीच येत्यात," म्हणायचे. माझे वडील गेले तेव्हाही ते असेच तीन महिन्यांनी आले, आईशी पावसापाण्याचं बोलले आणि निघून गेले. आई त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली. या माणसाची मी पुष्कळ थट्टा केली आहे, इथेही करतो आहे, पण ती दुपार मी विसरलेलो नाही.

पण ते नंतरचं. गाडीची चाकं बाहेर आली आणि त्याच आठवड्यात माझा साखरपुडा होता, सांगलीला, घरासमोर मांडव घालून. पिवळी गाडी मी मुद्दाम मांडवाच्या तोंडाशी उभी केली होती. साताऱ्याहून आल्यावर तिचे शंभर कधीच भरले होते आणि माझ्या डोक्यातून ते साफ गेलं होतं. मोबाईल माझ्या काकांच्या खिशात, त्यामुळे मेजरांचे फोनही कळले नाहीत. इकडे मेजर सकाळच्या एसटीनं येऊन मांडवात हजर. आमच्या लोकांना वाटलं मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटलं आमच्यातले, त्यामुळे दोन्हीकडून सरबत मिळालं. मुलीच्या काकांनी तर त्यांना पाटावर बसवून टोपी, टॉवेल, नारळ असा मान केला. मेजरांना वाटलं सांगलीची रीतच असेल. त्यांनी मान घेतला, नारळ आईच्या हातात दिला, नवी टोपी डोक्यावर तशीच ठेवून, नवा टॉवेल जमिनीवर अंथरला, आणि गाडीच्या चाकापाशी गुडघे टेकले. 'टक्'. मांडवातल्या माना तिकडं वळल्या. 'टक्'.

वडिलांच्या कपाळावर आठी. माझी नियोजित वधू शालू सावरत बाहेर आली आणि तिनं विचारलं, "हे कोण?" मी काही बोलायच्या आत मेजरच म्हणाले, "पोरी, ह्याच्या गाडीत तू बसनार न्हवं? मग तूच बग. ही रेघ सरळ हाय का?" ती शालूसकट खाली वाकली आणि वीसच्या वीस रेघा तिनं तपासल्या. एकीपाशी थांबून म्हणाली, "ही थोडी तुटलीय." मेजरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चांगली हाय रं. सोडू नगंस." तो नट त्यांनी आवळला, नवी रेघ ओढली, आणि वडिलांसमोर जाऊन खाडकन सॅल्यूट ठोकून जेवायला बसले. आजही कुठे लांब निघायचं असलं की बायको मला विचारत नाही, पेट्रोल भरलं का. विचारते, रेघा बघितल्या का.

एवढा सगळा खटाटोप हा माणूस का करतो, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. गिऱ्हाईकाला 'परत या' म्हणून सांगितलं की आपलं काम संपतं, असं सगळी दुनिया मानते. एकदा माझी गाडी बंद होती म्हणून मी त्यांच्याबरोबर त्याच एसटीनं सांगलीला गेलो. इस्लामपूर सुटलं, आष्टा जवळ आलं. डावीकडे एका गावाचा फाटा आला तेव्हा मेजर खाली वाकून चपलेचा अंगठा बघत राहिले. फाटा गेल्यावर सरळ बसले. पुढच्या खेपेला मेजर सांगलीला गेलेले असताना शेडवर गेलो, तेव्हा काकूंनी चहा दिला आणि सगळं सांगितलं.

त्या फाट्याच्या आत काकूंचं माहेर. एकुलता भाऊ, काकूंहून बारा वर्षांनी लहान, हातावर वाढवलेला. आता चांगला चाळिशीचा उसवाला बागायतदार, पण काकूंच्या तोंडी 'बारक्या'च. अकरा वर्षांपूर्वी हा बारक्या जुनी जीप घेऊन भाऊबीजेला साताऱ्याला आला होता. मेजरांनी नवीनच शेड टाकलेली. मेव्हण्याला दिवाळीची भेट म्हणून त्यांनी जीपला स्पेसर बसवून दिले. निघताना सांगितलं, "शंभर किलोमीटरनं आवळून घे." बारक्यानं मान हलवली. घरी पोचला, ऊसतोड चालू होती, विसरला. तिसऱ्या दिवशी शेतरस्त्यावर जीपचं मागचं डावं चाक निखळलं आणि जीप पाटात गेली. पाय दोन ठिकाणी मोडला. जोडला, पण तो पहिल्यासारखा झाला नाही.

"आन हे दवाखान्यात गेले," काकू म्हणाल्या. "त्यो तितं पाय वर बांधून पडल्याला. तर ह्यांच्या तोंडातनं पयला शबुद काय निगावा? म्हणं, मी सांगितलं हुतं."

बारक्या म्हणाला, दाजी, पुन्हा माझ्या दारात येऊ नका.

"मग तुम्ही?" मी विचारलं.

"नवऱ्याला दार बंद, तितं मी येकटी कुटल्या तोंडानं जाऊ?" काकूंनी कपबशी उचलली. "ज्यांला भाऊ नसतोय त्या बाया भाऊबीजंला चांदाला ववाळत्यात. मला भाऊ असून मी अकरा वर्सं चांदाला ववाळतीया."

तेव्हापासून मेजर स्वतः जातात. पाटणला जातात, कोरेगावला जातात, सांगलीला तर किती वेळा. "सांगून भागत न्हाई, जायाला लागतंय," हे वाक्य त्यांनी मला, कंडक्टरला, माझ्या सासऱ्यांनासुद्धा ऐकवलं होतं. ज्याला ऐकवायचं त्या एका माणसाला सोडून सगळ्यांना. त्याच्या फाट्यावरून ते शंभरदा गेले असतील आणि शंभरदा त्यांनी चपलेचा अंगठा बघितला असेल. मला त्यांचा राग आला. आणि त्या रागाखाली त्यांची फार दयाही आली.

लग्नानंतर मी सांगलीतच नोकरी धरली. पण चाकं कुठल्याही कारणानं काढायची झाली तर गाडी साताऱ्याला न्यायची, हे ठरलेलं. त्याच वर्षी नवे टायर घालायचे होते. शनिवार होता. मेजरांनी चाकं काढली, टायर बदलून आणले, चकत्या पुसून परत बसवल्या, वेढे मोजले, पाना लावला. रेघा ओढायला बाटली उघडली तर ती निम्मी रिकामी.

"आरं, काल तर भरल्याली हुती," ते म्हणाले.

तेवढ्यात मागच्या दारानं काकू बाहेर आल्या. हिरवी नवी साडी, हातात पिशवी, आणि दहाच्या दहा नखं लालभडक.

"चला इंजिनेर. निगू या," त्या मला म्हणाल्या.

"कुटं?" मेजरांचा हात हवेतच राहिला.

"म्हायेराला. ह्यो सांगलीला चाललाच हाय, मला वाटंत सोडंल."

"आगं, पर त्या गाडीत दोनच शीट हायत."

"दोनच लागत्यात. येक ह्याची, येक माजी."

"आन मी?"

"तुमी यष्टीनं. तुमाला सवं हाय की." काकूंनी पदर खोचला. "हितनं माजं म्हायेर शंबर किलोमीटर हाय. मी इचारून घेतलंय. गाडी तितं हुबी ऱ्हाईल, गार हुईल. तुमीच म्हणता न्हवं, शंबराच्या म्होरं न आवळता न्यायची न्हाई?"

मेजर गोंधळून माझ्याकडे वळले. "इंजिनेर, तू आवळशील न्हवं? तुला येतंय की."

माझ्या डिकीत नवाकोरा टॉर्क पाना होता. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मला नाही जमणार मेजर. पानाच नाही माझ्याकडे."

"त्याच्या दारात मी पाय टाकनार न्हाई," मेजर म्हणाले.

"दारात कोन बोलवतंय? गाडी दाराच्या भाईरच असंल."

गाडीत बसताना काकू जरा घाबरल्या. "आगं बया, ही गाडी हाय का घमेलं? बूड रस्त्याला लागतंय!" पण कऱ्हाड येईपर्यंत त्या रमल्या. शेजारून जाणाऱ्या ट्रकांच्या चाकांकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्याचे नट ढिले दिसत्यात." इस्लामपूरनंतर मात्र ट्रकांकडे बघायचं थांबलं. मांडीवरच्या पिशवीत ओवाळायचं तबक होतं, त्याची कड बोटांनी चाचपत राहिल्या. भाऊबीज नव्हती, काही नव्हतं. त्यांना विचारलं, भीती वाटते का? म्हणाल्या, "त्यानं तोंड फिरवलं तर मी मागारी कशी जाऊ रं? ह्यांना काय सांगू?"

फाट्यानं आत वळलो. घराला लांबरुंद अंगण, पुढे कट्टा. पिवळी गाडी बघून आधी पोरं जमली, मग कुत्री, मग एक भरदार माणूस पाय ओढत कट्ट्यावर आला. मी इंजिन बंद केलं. काकूंनी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, आणि तिथंच अडकल्या. गाडी इतकी बसकी की त्यांना उठताच येईना. एकदा जोर केला, दोनदा केला, परत आत. मी माझ्या बाजूनं उतरून धावणार होतो, पण थांबलो.

कट्ट्यावरचा माणूस तिथूनच बघत होता.

"बगतोस काय, बारक्या?" काकू आतून ओरडल्या. "वढ की रं मला!"

तो उतरला. दुखऱ्या पायानं एक एक पायरी उतरला, अंगण ओलांडून आला, आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले. काकू बाहेर आल्या त्या सरळ त्याच्या छातीवर. "आक्का, नखं रंगवल्यास व्हय गं?" एवढंच तो म्हणाला, आणि दोघंही रडायला लागले. मी गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघत उभा राहिलो.

ओवाळून झालं, चहा झाला. अडीच तासांनी फाट्याकडून एक उंच, काटकुळा माणूस चालत येताना दिसला. काखेत टॉवेल. सारवलेल्या अंगणाच्या कडेला गाडी होती. तो त्या कडेच्या बाहेरूनच आला, सारवणावर एक पाय न ठेवता. कट्ट्यावर बारक्या पाय लांब करून बसलेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"किती झालं?" मेजरांनी मला विचारलं.

"शंभरावर दोन."

"गार झाली?"

"झाली."

त्यांनी टॉवेल अंथरला आणि पुढच्या उजव्या चाकापाशी गुडघे टेकले. पाच वेळा 'टक्'. मग पुढचं डावं. मग मागचं उजवं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पंधरा नट झाले, आणि मेजर उठले. पाना पुसला. टॉवेल उचलून झटकला, घडी घालायला लागले. एका नटासाठी एसटीनं सांगली गाठणारा माणूस तीन चाकांवर थांबला होता. घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मागच्या डाव्या चाकासमोर ते उभे होते आणि त्यांचा हात काही पुढे जात नव्हता.

"दाजी," कट्ट्यावरून आवाज आला. "मागचं डावं ऱ्हायलं."

मेजरांनी मान वर केली.

"व्हय," ते म्हणाले. "त्येच ऱ्हायलंय. अकरा वर्सं." मग जरा थांबून, खाली बघत, "नुसतं सांगून भागत नसतंय, बारक्या. तवाच मी मागनं याला पायजे हुतं."

बारक्या उठला. पाय ओढत आला, मेजरांच्या शेजारी टॉवेलावर कसाबसा बसला आणि हात पुढे केला. "आना हिकडं." मेजरांनी पाना त्याच्या हातात दिला. "टक् झालं की थांबायचं," एवढं सांगितलं. बारक्यानं पाचही नट आवळले, आणि प्रत्येक 'टक्'नंतर मेजरांनी उरलेल्या निम्म्या बाटलीतून रेघ ओढली. त्या पाच रेघा जरा वाकड्या आल्या. त्यांच्या हातून वाकड्या आलेल्या रेघा मी तेवढ्याच पाहिल्या.

बारक्यानं पाना पुसून परत दिला.

"ह्ये परत शंबर किलोमीटरनं बगाय लागतंय, न्हवं?"

"लागतंय की."

"मग या," बारक्या म्हणाला. "आक्काला घिऊन या."